आर्वीला फिरवताना

आंजी (मोठी)
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय पियुष,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू दचकशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो आणि घराच्या छपरावरचे कवेलू जागच्या जागी आहेत. परवाच आपण व्हिडिओवर बोललो, रिंकूने पडलेला दात दाखवला, मग हे पत्र कशाला असं तुला वाटेल. फोनवर कसं होतं, तू विचारतोस, "बाबा, कसे आहात?" मी म्हणतो, "मजेत." मग वर्षाली येते, रिंकू येते, तेवढ्यात तुमच्याकडे कुणीतरी दार वाजवतं आणि सांगायचं ते राहून जातं. शिवाय तुझा चेहरा समोर असला की काही गोष्टी माझ्या तोंडून निघत नाहीत. कागदाचं बरं असतं, शब्द सापडेपर्यंत तो थांबतो. ओसरीवर ऊन आलं की लिहायला बसायचं आणि ऊन सरकलं की उठायचं, असं मी ठरवलं आहे. त्यामुळे अक्षर मधेच बदललेलं दिसलं तर समज की दिवस बदलला.

गावात कापसाची वेचणी चालू आहे. सकाळी सकाळी बाया डोक्याला फडकी बांधून वावराकडे जाताना दिसतात आणि दुपारपर्यंत गाव रिकामं असतं. तूर फुलावर आली आहे. आर्वी रोडचं काम तू दहावीत होतास तेव्हापासून चालू आहे, ते अजूनही चालूच आहे. जंगूकाका रोज सकाळी येतो. मी कंडक्टर, तो ड्रायव्हर, वर्धा-आर्वी गाडीवर आमची जोडी इतकी वर्षं टिकली की डेपोतले लोक एकाला हाक मारायचे आणि ओ आम्ही दोघंही द्यायचो. आता दोघंही रिटायर. तो येताना घरून जिजावहिनीने दिलेली आंबाडीची भाजी नाहीतर भाकर फडक्यात बांधून आणतो, मी चपला घालतो आणि आम्ही नदीपर्यंत जाऊन येतो. हातात कुत्र्याचा पट्टा नसताना फिरायला जाणं मला अजून चमत्कारिक वाटतं. हात मोकळा मोकळा राहतो. हे मी जंगूला सांगितलं तर तो म्हणाला, "मंग माह्याच गळ्यात पट्टा बांध नं." त्याला मी तिथली सगळी गोष्ट सांगितली आहे. तुला मात्र सांगितलेली नाही, आणि तू तर तिथेच होतास.

तुझ्या आईचं वर्षश्राद्ध उरकलं आणि तू मला घेऊन गेलास. तुमच्या स्कॉटलंडातल्या गावाचं डंडी हे नाव ऐकून जंगू म्हणाला होता, "नोकरीत एक दिवस दांडी नाई मारली, अन् आता सहा महिने दांडीले चालला." विमानात मला ते आठवून हसू येत होतं. तुमच्या घरी आल्यावर मात्र हसू आटलं. तुमचं काही कमी पडत होतं असं नाही. पण तुम्ही दोघं कामावर, रिंकू शाळेत, आणि मी खिडकीत. खाली बसचा थांबा होता. तिथल्या बसला कंडक्टर नसतो, ड्रायव्हरच तिकीट देतो, हे पाहून पहिल्या आठवड्यात मला वाईट वाटलं, मग ते पाहणं हाच माझा उद्योग झाला. घराबाहेरचं कुणी माझ्याशी बोललं असेल तर ते दुकानातलं यंत्र. आणि घरात आपण सगळे बोलायचो, पण तुझ्या आईचं नाव कुणी काढत नव्हतं. मला त्रास होईल म्हणून तू काढत नव्हतास आणि तुला त्रास होईल म्हणून मी.

वर्षालीने ते ओळखलं असावं. तिच्या औषधाच्या दुकानात ती शीना नावाची बाई यायची, बेवारस कुत्र्यांचं शेल्टर चालवणारी. एक दिवस जेवताना वर्षाली म्हणाली, "बाबा, शीनाला कुत्रे फिरवायला माणसं हवी आहेत. बुधवारी मला सुट्टी असते, मी सोडत जाईन तुम्हाला." मी म्हटलं, "कुत्र्याले फिरवा लागते? तो सोताच फिरते नं गावभर." ती हसली, रिंकूही हसली. मग वर्षाली हळूच म्हणाली, "तिथला नाही फिरत बाबा. तिथला कोंडलेला असतो." ती कुत्र्यांबद्दलच बोलत होती. पण त्या बुधवारी मी खिडकीतून उठलो.

तुला माहीत आहे, मी काही कुत्र्यामांजरांतला माणूस नाही. आपल्याकडे कुत्रा कुणाचाच नसतो आणि सगळ्यांचा असतो. डेपोत ते गाडीखाली झोपायचे, जंगू हॉर्न वाजवून त्यांना उठवायचा, इतकाच माझा संबंध. तुझी आई दारातल्या कुत्रीला भाकर टाकायची, तेव्हा मी म्हणायचो, हिला सवय लागेल. त्यामुळे शेल्टरच्या दारात शिरलो आणि आतून वीस-पंचवीस कुत्रे एकदम भुंकले तेव्हा मला सरळ घरी यावंसं वाटलं. शीनाने मला केशरी जाकीट दिलं, पट्टा मनगटाला कसा गुंडाळायचा ते दाखवलं, आणि मग काळ्या पिशव्यांची एक गुंडाळी खिशात कोंबली. ती कशासाठी हे कळलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हाताऱ्या वयात, स्वतःच्या हाताने, कुत्र्याचं ते उचलायचं. तुझी आई असती तर पदर तोंडाला लावून आठवडाभर हसली असती. पहिल्यांदा उचललं तेव्हा मी चारी बाजूंनी पाहून घेतलं की आंजीचं कुणी नाही ना. नंतर सवय झाली.

सगळे कुत्रे जाळीवर उड्या मारत होते, एक तेवढा कोपऱ्यात उभा होता. राखाडी, उंच, लांब तोंडाचा, बरगड्या दिसतील इतका बारीक. मला वाटलं याला उपाशी ठेवलं आहे. शीना म्हणाली, जातच अशी आहे, शर्यतीत पळणारा आहे, आता म्हातारा झाला. मी नाव विचारलं. ती म्हणाली आर्ची, मी ऐकलं आर्वी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या लांब येऊन माझ्या रूटचं शेवटचं गाव माझ्यासमोर चार पायांवर उभं. रिंकूने नंतर माझी चूक सुधारली, तू पण हसलास, पण तोवर कुत्रा आर्वी या नावाला कान टवकारायला लागला होता.

पहिल्या दिवशी मी त्याला फिरवलं की त्याने मला, हे सांगणं कठीण आहे. खाली नदीच्या काठाने रस्ता आहे ना, तो लांब पूल दिसतो तो, तिथे गेलो. वारा असा की टोपी एका हाताने धरावी लागे. आणि काय झालं, समोरून येणारा प्रत्येक माणूस बोलायला लागला. एवढे आठवडे कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं, आणि आता आजीबाई थांबतात, पोरं थांबतात, किती वय, किती देखणा, असं विचारतात. देखणा म्हणजे तो, मी नाही. पण बोलत माझ्याशी होते. माझं इंग्रजी कंडक्टरचं, येस, नो, सीट डाऊन, मूव्ह फॉरवर्ड. तेवढ्यावर भागलं. कुत्र्याशी मी आपल्याच बोलीत बोलायचो. दोनदा जिभेने टक टक केलं की निघायचं, एकदा केलं की थांबायचं, गाडीच्या घंटीसारखं. ते तो दोन-तीन खेपांत शिकला.

दुसऱ्या की तिसऱ्या बुधवारी नदीकाठच्या बाकावर बसलो होतो. त्याची एक सवय होती, उभ्या उभ्या तो सगळं अंग माणसाच्या पायाला टेकवून उभा राहायचा, भिंतीला टेकावं तसा. तसा तो टेकला आणि माझ्या तोंडून निघालं, "आर्वी, माही कोकिळा गेली ना रे." वर्षभरात तिचं नाव मी पहिल्यांदा मोठ्याने घेतलं. मग थांबलोच नाही. गाडी दुपारी आंजीला आली की ती थांब्यावर डबा घेऊन उभी असायची, खिडकीतून डबा आत द्यायची, आणि मी सगळ्या गाडीसमोर तिला विचारायचो, "बाई, डब्याचं तिकीट?" ती म्हणायची, "उतरा खाली, दाखोतो तिकीट." गाडीतले लोक रोज हसायचे, रोज तोच विनोद. हे सगळं मी त्या कुत्र्याला सांगितलं. जाणारे-येणारे पाहत होते, पण कुणाला काय कळतंय. त्या दिवशी घरी आल्यावर मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तू वर्षालीला म्हणालास, बाबांना हवा मानवली.

मग मॅके आला. म्हणजे आम्ही त्याच्याकडे गेलो. शीनाने एकदा सांगितलं की आर्वीचा मालक मेलेला नाही, जिवंत आहे, शेल्टरपासून जवळच्याच वृद्धाश्रमात. त्याच्या मुलीच्या भाड्याच्या घरात कुत्रा चालत नाही, म्हणून कुत्रा इकडे आणि बाप तिकडे. आश्रमवाले कुत्र्याला भेटीला येऊ द्यायला तयार होते, पण आणून सोडणारं माणूस हवं होतं. मी म्हटलं, मी जातो. सरळ रस्ता, एक चौक ओलांडायचा, चर्चपाशी वळायचं, बस्स. मला रस्ते सांगावे लागत नव्हते, तुला माहीतच आहे.

मॅके नव्वदीच्या घरातला असेल. मोठ्या हाडाचा, हात फावड्यासारखे. खिडकीशी खुर्चीत बसवलेला. आर्वी आत गेला, सरळ त्याच्या गुडघ्याला जाऊन टेकला आणि डोळे मिटले. म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नाव मात्र चुकीचं घेतलं, बेन की काय म्हणाला. आश्रमातल्या नर्सने सांगितलं, तो त्याच्या लहानपणीचा कुत्रा. आर्वीला त्याचं काही वाटलं नाही. मग मॅकेने मला विचारलं, कुठला? मी म्हटलं, इंडिया. तो म्हणाला, "जूट." तरुणपणी तो तागाच्या गिरणीत होता, ताग बंगालमधून यायचा, गाठींवर छाप असायचे. मी म्हटलं, आमच्याकडे कापूस. त्याला ते कळलं, त्याने बोटांनी सरकी काढल्यासारखं केलं. पुढच्या बुधवारी त्याने पुन्हा विचारलं, कुठला? मी म्हटलं, इंडिया. तो म्हणाला, "जूट." दर खेपेला हेच. आणि दर खेपेला त्याला तितकाच आनंद व्हायचा. मलाही कंटाळा आला नाही, डब्याच्या तिकिटाचा कधी आला होता?

त्याची मुलगी फियोना कधीकधी त्याच वेळी यायची. चांगली होती बिचारी. नोकरीवरून धावत यायची, त्याच्या आवडीची बिस्किटं आणायची. पण खुर्चीसमोर उकिडवी बसून विचारायची, बाबा, मी कोण? सांगा बरं मी कोण? म्हाताऱ्याचा चेहरा विनातिकीट सापडलेल्या माणसाचा होतो तसा व्हायचा. खिसे चाचपडायचा, डोळे खाली घालायचा. तिला वाटायचं आठवण करून दिली पाहिजे. प्रेमानेच करायची. एकदा ती निघाली तेव्हा मॅकेने तिची बाही धरली आणि म्हणाला, मला घरी ने. एवढं इंग्रजी मला कळलं. तेच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ती बाहेर आली आणि गाडी ठेवायच्या जागेत, भिंतीला टेकून रडायला लागली. मी आर्वीला घेऊन तिथेच उभा होतो, जाता येईना. ती माझ्याशी बोलली, भराभर, बरंच काही. मला सगळं समजलं नाही. एवढं समजलं की बापाचं घर तिने विकलं, दुसरा इलाज नव्हता, आणि त्याला काय हवं होतं हे तिने कधी विचारलं नव्हतं, विचारायचं सुचलं तेव्हा तो सांगण्याच्या पलीकडे गेला होता. मी आर्वीचा पट्टा तिच्या हातात दिला. ती त्याला घेऊन त्या आवारात दोन चकरा मारून आली.

आता ऑगस्टातला एक बुधवार सांगतो. हे तुला माहीत नाही. दुपार होती, लख्ख ऊन होतं. आम्ही मॅकेकडून परत शेल्टरला निघालो होतो. नेहमीचा रस्ता. चर्चपाशी वळलो, चौकात आलो, आणि पियुष, तो चौक मी कधी पाहिलाच नव्हता. असं लिहिल्यावर ते खोटं वाटतं, पण तसंच झालं. दुकानं होती, सिग्नल होता, माणसं होती, पण त्यातलं काहीच माझ्या ओळखीचं नव्हतं. आपण कुठून आलो आणि कुठे जायचं आहे, दोन्ही गेलं. पाट्या वाचत होतो, अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. खिशात फोन होता, तो काढून हातात धरला आणि त्याचं काय करतात ते कळेना. मी घाबरलो का? आधी नाही. आधी नुसतं रिकामं वाटलं. मग हातातल्या पट्ट्याकडे लक्ष गेलं आणि पट्ट्याच्या टोकाला हा राखाडी प्राणी, तो मात्र ओळखीचा. नाव आठवत नव्हतं. तो येऊन पायाला टेकला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग तो चालायला लागला आणि मी त्याच्या मागे गेलो. आयुष्यभर दुसऱ्यांना कुठे उतरायचं ते सांगितलं, त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या मागे काही न विचारता गेलो. शेल्टरचं हिरवं फाटक दिसलं आणि सगळं परत जाग्यावर आलं, तुझं घर, फोन नंबर, त्याचं नाव. शीनाने चहा दिला. मी काही बोललो नाही. वर्षाली घ्यायला आली, तिच्याशीही नाही.

त्यानंतर मी स्वतःवर लक्ष ठेवायला लागलो. अंथरुणात पडल्या पडल्या वर्धा ते आर्वी थांबे म्हणायचो. एखाद दिवशी सगळे यायचे, एखाद दिवशी खरांगण्याच्या अलीकडचा एक थांबा हरवायचा. गॅस बंद केला की नाही, हे मी दोनदा उठून पाहायचो. तू एकदा विचारलंस, बाबा, झोप लागत नाही का? आणि सप्टेंबर लागला तसं मी म्हटलं, मला गावी जायचं आहे, मिळेल ते पहिलं तिकीट काढ. अजून मुक्काम बाकी होता, रिंकूच्या वाढदिवसाला थांबायचं ठरलेलं होतं. तू पुष्कळ समजावलंस. वर्षालीला वाटलं तिच्या हातून काही राहिलं. विमानतळावर तू विचारलंस, "आमचं काही चुकलं का?" मी म्हटलं, गावची आठवण येते. ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं. मी गेल्यावर वर्षाली आणि रिंकू दर बुधवारी आर्वीला मॅकेकडे नेतात, हे तिने सांगितलं तेव्हा मला काय वाटलं ते मी फोनवर बोलू शकलो नाही. मॅके आता "जूट"ही म्हणत नाही म्हणे, पण हात कुत्र्याच्या डोक्यावर बरोबर जातो. तिला सांग, तिने मला त्या खिडकीतून उठवलं, ते मी घरच्या माणसांनी माझ्यासाठी केलेल्या सगळ्यात मोठ्या गोष्टींत धरतो.

इथे आलो तेव्हा वाटलं, आपल्या गावात पाय आपोआप चालतील. चालतातही. पण दसऱ्याच्या सुमारास वर्ध्याला गेलो होतो, काम आटोपून बसस्टँडवर आलो आणि जिथे मी उभी नोकरी काढली त्या स्टँडवर मला आंजीची गाडी कुठे लागते ते कळेना. एका चौकशीवाल्या पोराने मला ओळखलं, फोन लावला, जंगू मोटरसायकलवर आला. घराशी उतरल्यावर म्हणाला, "कधीपासून होऊन राह्यलं हे?" मी म्हटलं, दोनेक महिने झाले. "अन् पोराले सांगतलं?" मी दाराचं कुलूप काढायला लागलो. तो म्हणाला, "मले काऊन नाई सांगतलं बे?" त्याचा आवाज फाटला होता. इतक्या वर्षांत मी तो आवाज एकदाच ऐकला आहे, घाटात ब्रेक लागेना तेव्हा. दुसऱ्या दिवशी त्यानेच मला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, तुझ्याहून लहान, मोकळ्या मनाच्या. डोक्याचा फोटो काढला, रक्त घेतलं, पुष्कळ प्रश्न विचारले. मग कागद देऊन म्हणाल्या, घड्याळ काढा. मी काढलं. काढून झाल्यावर पाहिलं तर सगळे आकडे एकाच बाजूला गर्दी करून उभे होते. बाई आणि मी ते पाहत बसलो. जंगू मागे उभा होता, तो बाहेर निघून गेला.

बाईंनी नाव सांगितलं त्या विसरत जाण्याच्या आजाराचं, ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवलं आहे. तू इंटरनेटवर पाहशील, पाहून घाबरू नकोस. गोळ्या चालू आहेत, त्यांनी आजाराचा वेग कमी होतो, तो थांबत नाही. किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. येताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून आम्ही चहा घेतला. जंगू म्हणाला, "आजवर तू घंटी मारली तवा मी गाडी काढली. तुले कधी विचारलं का, का थांबलो, का निघालो? आता मी म्हणन तवा तू उठजो, अन् मी म्हणन तवा बसजो. इचारजो नको." तेव्हापासून तो रोज सकाळी येतो. गोळ्या तो मोजून देतो. गॅस जिजावहिनीने काढून नेला, जेवण तिच्याकडूनच येतं. तू व्हिडिओवर विचारलंस ना, मागे चूल-भांडी दिसत नाहीत, तर ते असं.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच नाही. आजार झाला हे मी फोनवरही सांगू शकलो असतो, रडून नाहीतर हसून. पण मला तुला जे द्यायचं आहे ते माझ्या अक्षरात आणि माझं डोकं स्वच्छ असताना द्यायचं होतं, म्हणून चांगले दिवस निवडून निवडून लिहिलं. तुमच्या घरून मी लवकर आलो ते तुमचं काही चुकलं म्हणून नाही. तिथे हरवलो तर मला ओळखणारं एकच जनावर होतं, इथे दर घराच्या ओसरीवर कुणीतरी बसलेलं असतं. जोवर हे गाव मला सांभाळतं तोवर मला इथे राहू दे, धावत येऊन मला उचलून नेऊ नकोस. नाताळच्या सुटीत मात्र तिघंही या. तुझ्या आईच्या गोष्टी मला तुला सांगायच्या आहेत, ज्या मी आधी दुसऱ्यालाच सांगून बसलो. पुढे कधी मला तुझं नाव आठवलं नाही, तर 'मी कोण ते सांगा' असं विचारू नकोस. तूच सांग, मी पियुष, आणि शेजारी बस. आणि पुढे केव्हातरी जंगूला, जिजावहिनीला हे झेपणार नाही. तो दिवस येईल तेव्हा तुला जे जमेल ते कर. तुझ्याकडे ने, नागपुरात एखाद्या आश्रमात ठेव, हे घर विक, ठेव, तुझी मर्जी. मी तेव्हा तुझी बाही धरीन, घरी ने म्हणीन, कदाचित शिव्याही देईन. त्या म्हाताऱ्याचं ऐकू नकोस. तो मी नसेन. आज ओसरीवरच्या उन्हात बसून, पूर्ण शुद्धीत, हे लिहिणारा जो आहे त्याचं ऐक. तू जे करशील ते बरोबर केलंस, हे त्याने आजच सांगून ठेवलं आहे.

तुझाच,
बाबा